इंजिनाला बांधलेला दादरा

लोणच्याच्या बरणीला आणि डिझेलच्या इंजिनाला एकच नियम लागू होत नाही, हे मला वयाच्या बावन्नाव्या वर्षी कळले. ते कळेपर्यंत दोन नव्याकोऱ्या ऑइल सील, चार जुने टॉवेल, अर्धा डबा हळद आणि माझ्या यजमानांचा स्वतःच्या हातांवरचा एकतीस वर्षांचा विश्वास एवढा ऐवज आमच्या घराने खर्ची घातला होता.

गुन्हेगार कोण, हे शेवटपर्यंत झाकून ठेवण्याची मला हौस नाही. गुन्हेगार मी. (हे वाक्य घरातली मंडळी नेहमी माझ्या आधी, एका सुरात म्हणून मोकळी होतात. या वेळी पहिला नंबर आपण लावावा, एवढाच हेतू.)

नाहूरच्या एका जुन्या तीन मजली इमारतीत आम्ही तळमजल्यावर राहतो. आम्ही म्हणजे मी, माझे यजमान दिलीप आणि माझ्या सासूबाई, ज्यांना मी आई म्हणते. आमच्या स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर बकुळीचे झाड आहे. उन्हाळा चढू लागला की तिची इवलीशी फुले पहाटेपासून टपटपत राहतात, आणि त्यांचा मंद, जुनाट, कपाटातल्या रेशमासारखा गंध थेट ओट्यापर्यंत येतो. त्या बकुळीखाली, फुलांच्या सड्यावर चारी चाके रोवून, आमची पिकअप उभी असते. ती मूळची पांढरी आहे, असे तिची कागदपत्रे म्हणतात.

दिलीप विक्रोळीच्या एका कारखान्यात एकतीस वर्षे फिटर होते. लोखंडाच्या दोन तुकड्यांमधून केसही जाणार नाही अशी जोडणी करणारे हात, अशी त्यांची तिथे ख्याती. निवृत्त झाल्यावर त्यांनी ही जुनी पिकअप घेतली आणि तिच्यावर इतके प्रेम केले, की मी एकदा त्यांना विचारले होते, "अहो, माझा वाढदिवस कधी असतो?" तर ते म्हणाले, "थांब, आधी हिच्या ऑइलची तारीख बघू दे."

आता आईंविषयी. आईंचे वय शहात्तर. गेली पन्नास वर्षे त्या कैरीचे लोणचे घालत आल्या, आणि भाचेसुना, व्याही, विहिणी, शेजारी, कारखान्यातले साहेब अशा सगळ्यांनी ते बोटे चाटत फस्त केले. आयुष्यभर त्यांची ओळख 'दिलीपची आई' एवढीच. यंदा मात्र बोरिवलीच्या एका शाळेच्या मैदानात कोकणी पदार्थांचा मेळावा भरणार होता, आणि आईंनी कोणालाही न विचारता त्याचा अर्ज भरला. संयोजकांचा फोन आला तेव्हा मी शेजारीच उभी होते.

"आज्जी, स्टॉलच्या पाटीवर नाव काय लिहायचं?"

"सुलोचना," आई म्हणाल्या. "आणि अक्षर मोठा काढा. चष्म्याशिवाय वाचता येवक होया."

अट एकच होती. शनिवारी सकाळी आठच्या आत माल घेऊन जो पोहोचणार नाही, त्याची जागा यादीतल्या पुढच्या माणसाला मिळणार होती. आता आईंचा माल म्हणजे सहा चिनी मातीच्या बरण्या, प्रत्येक बरणी इयत्ता दुसरीतल्या मुलाएवढी. त्या आडव्या होता कामा नयेत, एकमेकींवर आदळता कामा नयेत. त्यासाठी दिलीपनी पिकअपच्या हौद्यात रबर आणि काथ्या लावून सहा खणांची एक लाकडी चौकट बोल्टने घट्ट बसवली होती. "भाड्याचा टेम्पो करू या का?" असे मी एकदाच विचारले. आईंनी माझ्याकडे असे पाहिले, जणू मी त्यांच्या बरण्यांना नव्हे, त्यांनाच भाड्याने पाठवायला निघाले आहे.

अशा रीतीने आईंचे नाव त्या पाटीवर लागणार की नाही, हे आमच्या जुन्या पिकअपच्या प्रकृतीवर अवलंबून होते. आणि त्या प्रकृतीला मी दोन आठवड्यांपूर्वीच हात लावून ठेवला होता!

झाले असे, की इंजिनाच्या पोटाखालून अंगठ्याएवढ्या जाडीची एक नळी खाली लोंबत असते. दिलीप सकाळी गाडी सुरू करून गरम होऊ देत, तेव्हा त्या नळीतून काळसर, कोमट, करपट वाफ निघे आणि अधूनमधून तेलाचा एखादा थेंब बकुळीच्या फुलांवर पडे. तो दरवळ आणि हा दर्प एकाच श्वासात घेण्याची शिक्षा माझ्या नाकाने दोन वर्षे भोगली. मात्र एके दिवशी अंगणात वाळत घातलेल्या कैरीच्या फोडींजवळ उभ्या राहून आई कडाडल्या. (आई शांत असल्या की निदान अर्धे शुद्ध बोलतात. रागावल्या की थेट मालवणात जातात.)

"गो शुभा, फोडींक डिझेलचो वास मारता! गिऱ्हाईकांक काय लोणचा घालतंय की गाडी घालतंय?"

मी सून आहे. सासूच्या लोणच्यावर संकट आलेले पाहून हात बांधून बसणाऱ्यांतली मी नव्हे. लग्न होऊन या घरात आले तेव्हा आईंनी मला पहिली विद्या दिली ती दादरा बांधण्याची. धुऊन, उन्हात कडकडीत वाळवलेले मलमलीचे फडके बरणीच्या तोंडावर घालायचे, गळ्याभोवती दोरी दोनदा फिरवायची आणि शेवटी पीळ देऊन आईंची ती खास गाठ मारायची. "वारो आत जावक नको, वास भायर येवक नको," हा त्या विद्येचा मंत्र. सव्वीस वर्षांत मी बांधलेल्या एकाही दादऱ्यातून वास बाहेर आला नव्हता.

मी गाडीखाली वाकले, त्या नळीच्या तोंडावर मलमलीचे फडके घातले, आणि दादरा बांधला.

वास थांबला! थेंब थांबला! बकुळ पुन्हा एकटी दरवळू लागली. या यशाचा मी कोणाजवळ उच्चारही केला नाही. (विनय!) चार दिवसांत फडके तेलाने काळे होऊन गाडीच्याच रंगाचे झाले, आणि माझ्या स्मरणातही हळूहळू पुसट झाले.

मेळाव्याच्या आधीच्या रविवारी सकाळी वरच्या मजल्यावरचे कदमकाका गॅलरीतून ओरडले, "दिलीपराव, तुमच्या गाडीनं खाली केलंय हो!" कुणाच्या पाळीव कुत्र्याविषयी तक्रार करावी तसा त्यांचा स्वर होता.

आम्ही सगळे धावलो. इंजिनाच्या पुढच्या टोकाखाली तेलाचे एक काळेभोर, चकचकीत तळे साचले होते. त्यात बकुळीची चार फुले तरंगत होती. (दृश्य म्हणून ते फार सुंदर होते. पण हे त्या वेळी बोलून दाखवण्याइतकी मी अडाणी नाही.)

"रे दिलप्या, गाडयेक काय झाला?" आईंनी छातीवर हात ठेवला.

"काही नाही गं आई, पुढची ऑइल सील गेलीय. क्रँकचा दांडा इंजिनातून बाहेर येतो ना, तिथं तेल अडवायला रबराची कडी असते. म्हातारी झाली बिचारी. बदलली की झालं!"

"म्हातारी झाली म्हणून बदलूची?" आईंनी विचारले. दिलीप खोकले.

"युसूफभाईंना बोलवू का?" मी विचारले. युसूफभाई म्हणजे भांडुपचे गॅरेजवाले, दिलीपचे जुने स्नेही.

"कशाला? एकतीस वर्षं कारखान्यात मी काय माश्या मारल्या? उद्या संध्याकाळपर्यंत गाडी तयार!"

सोमवारी सकाळी पंखा निघाला, पट्टे निघाले, आणि मग क्रँकच्या पुलीचा तो मोठा नट आला. तो काही केल्या फिरेना. दिलीपनी पान्याला लांबलचक लोखंडी नळी जोडली. कदमकाका आपणहून मदतीला खाली उतरले. त्यांनी आयुष्यभर पोस्टात काम केले असले, तरी त्यांच्या मेहुण्याची एकेकाळी जीप होती, आणि तेवढ्या पात्रतेवर ते आमच्या इमारतीतले वाहनतज्ज्ञ आहेत.

"शुभा, तू गाडीत बस. गिअर टाकलेला आहे, तू फक्त ब्रेक दाबून धर. म्हणजे इंजिन फिरणार नाही. कळलं?"

"त्यात काय कळायचंय!" मी म्हणाले, आणि पायाशी पाहिले. तिथे तीन पट्ट्या होत्या. कोणती ब्रेकची, याविषयी मनात शंका आली तेव्हा मी विचारण्याचा कमीपणा घेतला नाही. उदार अंतःकरणाने दोन दाबल्या.

त्यांतली एक क्लच होती. बाहेर दोघा पुरुषांनी "हुप्पा!" म्हणून सारा जोर लावला, अडलेले इंजिन एकदम मोकळे झाले, नळी गरकन फिरली आणि कदमकाका फुलांच्या सड्यावर सपशेल आडवे झाले!

"वहिनी," आडवे असतानाच ते म्हणाले, "माझ्या मेहुण्याच्या जीपला असं कधीच झालं नाही."

तिसऱ्या प्रयत्नात नट सुटला. जुनी सील निघाली. मंगळवारी दिलीपनी नवी आणली. काळ्या रबराची, बांगडीएवढी, आत केसासारखी बारीक स्प्रिंग असलेली ती कडी त्यांनी मला तळहातावर ठेवून दाखवली. "ही बघ, ही हिची लिप. ही तेलाच्या बाजूला, आत ठेवायची. उलटी बसली की संपलं." मग त्यांनी त्या रबरी ओठावर तेलाचे एक बोट फिरवले, सील जागेवर टेकवली, वर लाकडी ठोकळा धरला आणि हातोडीने एकेका बाजूला हलकेच टक्, टक्, टक् असे ठोकत ती आत बसवली. त्या टकटकीत एक लय होती. बॅटरी धरून उभी असलेली मी ती ऐकत राहिले. (प्रकाश बकुळीच्या शेंड्यावर पडत होता, हे मला नंतर सांगण्यात आले. फार मोठ्याने सांगण्यात आले.)

मंगळवारी संध्याकाळी इंजिन सुरू झाले. बुधवारी सकाळी गाडीखाली पुन्हा तळे!

"सील डिफेक्टिव्ह असणार," दिलीप म्हणाले.

"ऑइल जास्त झालं असणार," कदमकाका म्हणाले.

"माका वाटता जखम भरली नाय," आई म्हणाल्या, आणि आतून हळदीचा डबा घेऊन आल्या. दिलीप "आई, अगं!" म्हणेपर्यंत त्यांनी गळत्या जागेवर अर्धा डबा हळद चेपूनही टाकली होती. आमची पिकअप लग्नाला निघालेल्या नवरीसारखी पिवळी दिसू लागली.

आणि मी? मी गाडीखाली वाकून माझा दादरा पाहिला. बिचारा तेलाने निथळत होता! माझ्या मनात कृतज्ञता दाटून आली. एवढी गळती चालू असताना हे फडके नसते, तर काय हाहाकार माजला असता! मी ते भिजलेले फडके सोडले आणि तिथे दुहेरी मलमल बांधली. घट्ट.

दिलीपनी दुसरी सील आणली. पुन्हा पंखा, पट्टे, नट. (मला ब्रेकवर बसवले नाही. तिथे एक दगड ठेवला.) पुन्हा ती टकटक. या वेळी ते इतके सावकाश, इतके जपून ठोकत होते, की जणू कुणाला झोपेतून उठवायचे नव्हते. बुधवार मावळताना सील बसली. आणि शनिवारी त्या गाडीतून लोणचे जायचे आहे, वाटेत वाफेचा दर्प बरण्यांना लागू नये, या कळवळ्याने मी गुरुवारी सकाळी सर्वांच्या आधी उठून शेवटचा हात फिरवला. पावसाळ्यात बरण्यांना दमट हवा लागू नये म्हणून आई दादऱ्याच्या दोन पदरांमध्ये प्लास्टिकचा कागद घालतात. मीही घातला.

गुरुवारी इंजिन सुरू केल्यावर जे झाले त्याला गळती म्हणणे हा त्या प्रसंगाचा अवमान होईल. पुढून तेलाची धार लागली! एवढ्यावर न थांबता, तेल मोजायची ती लांब पातळ पट्टी आपल्या नळीतून हळूहळू, कुणी हात न लावता, वर येऊ लागली. आम्ही ती दाबली. ती पुन्हा वर आली.

"गो बाय माझे!" आईंनी पदर तोंडाला लावला. "गाडी जीभ भायर काढता!"

कदमकाका दोन पावले मागे सरले. "मेहुण्याच्या जीपला—"

"काका, आता ती जीप राहू द्या!" दिलीप प्रथमच ओरडले. मग त्यांनी इंजिन बंद केले, आणि ते पायरीवर जाऊन बसले.

मी पाणी घेऊन गेले. ते आपले तळहात पाहत होते. रेषारेषांत काळे तेल भरले होते.

"हात गेला गं माझा, शुभा," ते हळूच म्हणाले. "दोन-दोनदा बसवूनही सील गळते म्हणजे काय? कारखान्यात नव्या पोरांना मी हेच शिकवायचो. आता मलाच येत नाही."

"असं काय बोलता! यात तुमचा काहीही दोष नाही," मी त्यांच्या पाठीवर हात ठेवून म्हणाले. (माझ्या आयुष्यात मी इतके शब्दशः खरे वाक्य दुसरे बोललेले नाही.)

आई दारात उभ्या होत्या. त्यांनी सगळे ऐकले होते. त्या आत गेल्या. शनिवारसाठी इस्त्री करून खुर्चीच्या पाठीवर टाकलेली अंजिरी साडी त्यांनी उचलली, तिची पुन्हा नीट घडी केली आणि कपाटात ठेवून दिली.

"राहूंदे रे, दिलप्या," आतूनच आवाज आला. "पुढल्या वर्षी बघू."

शहात्तर वर्षांच्या बाईने 'पुढल्या वर्षी' म्हणावे आणि ते आपण ऐकून घ्यावे, हे मला जमेना. मी चपला घातल्या, रिक्षा केली आणि भांडुपला जाऊन युसूफभाईंना शुक्रवारी सकाळचे आवतण देऊन आले. या संपूर्ण प्रकरणात मी केलेली ही एकमेव उपयुक्त गोष्ट, आणि तीत मी माझ्याच गुन्ह्याचा तपास-अधिकारी नेमून आले होते!

शुक्रवारी सकाळी युसूफभाई आले. त्यांनी चहा घेतला, हळदीकडे पाहिले, काही विचारले नाही, आणि मग बोट लावून सील तपासली.

"दिलीपभाई, सील तर एक नंबर बसवलीय. जरा पण तिरकी नाही. कोणी बसवली?"

"मीच," दिलीप अपराधी आवाजात म्हणाले.

"मग गाडी सुरू करा." युसूफभाईंनी कान लावला, पट्टी वर सरकताना पाहिली, आणि तेल भरायच्या तोंडाचे झाकण किंचित सैल केले. आतून "फुस्स्स!" असा लांबलचक फूत्कार आला आणि सगळे मागे हटले.

"बंद करा, बंद करा! गाडीला दम लागलाय, यार. इंजिन आतून फुगलंय. हवा बाहेर जायला जागा नाही, म्हणून तेल सीलमधून वाट काढतंय. कितीही सील बदला, असंच होणार. हिचा ब्रीदर पाइप कुठे आहे? ती श्वास सोडायची नळी?"

'नळी' हा शब्द माझ्या कानांवर पडला, आणि मला अचानक आठवले की घरात भाकरीचे पीठ मळायचे राहिले आहे. मी दोन पावले सरकले. पण युसूफभाई तोवर पुठ्ठ्यावर पाठ टेकून गाडीखाली गेले होते.

"भाभी," खालूनच ते अत्यंत अदबीने म्हणाले.

"काय?"

"तुमच्याकडे हे इंजिन आहे की लोणच्याची बरणी?"

ते बाहेर आले तेव्हा त्यांच्या चिमट्यात एक काळे, निथळते गाठोडे होते. ते त्यांनी वर्तमानपत्रावर ठेवले आणि उलगडू लागले. वर मलमल. मलमलीखाली प्लास्टिक. प्लास्टिकखाली पुन्हा मलमल. कदमकाका थक्क होऊन म्हणाले, "हा कंपनीनं दिलेला पार्ट दिसत नाही."

आई पुढे आल्या. त्यांनी चष्मा लावला. फडक्याकडे त्यांनी पाहिलेच नाही. त्या वाकून, निरखून पाहत होत्या ती गाठ.

"ही गाठ माझी हा," त्या म्हणाल्या.

मग त्यांनी चष्मा उतरवला.

"आणि ही मी जगात एकाच माणसाक शिकयलंय."

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिले. कदमकाकांनीसुद्धा, ज्यांना तसा अधिकार नव्हता!

"आई, तुम्हीच म्हणाला होतात ना... फोडींना वास मारतो म्हणून..."

"मी वास मारता म्हटलंय! इंजिनाचा लोणचा घाल म्हटलंय काय?"

"अहो, पण मला वाटलं—"

"आणि मध्ये प्लास्टिक?" आईंच्या स्वरात संताप होता, पण त्याच्या तळाशी, मला शपथेवर सांगता येईल, गुरूचा किंचितसा अभिमानही होता. "पावसाळो लागलो काय?"

दिलीप मात्र आमच्याकडे पाहतच नव्हते. ते पुन्हा आपले तळहात पाहत होते. "युसूफ," ते हळू म्हणाले, "म्हणजे माझा हात..."

"हात? अरे भाई, एवढ्या प्रेशरमध्ये तुमची सील जागची हलली नाही! फक्त काठानं रडत होती. दुसऱ्या कोणाची असती ना, तर उडून पवईच्या तलावात पडली असती."

दिलीप हसले. आधी गालात, मग खांदे हलवीत, मग पायरीवर बसून डोळे पुसत हसले. मला रागावण्याचा त्यांचा हक्क त्या हसण्यातच वाहून गेला. (तो नंतर त्यांनी हप्त्याहप्त्याने वसूल केला, ती गोष्ट वेगळी.)

हळद धुतली, तेल पुसले, नवे तेल घातले. मग इंजिनाखाली एक कोरा पांढरा पुठ्ठा ठेवून गाडी अर्धा तास चालू ठेवायचे ठरले. दिलीप, आई, कदमकाका, युसूफभाई आणि (सुरक्षित अंतरावर, खिडकीच्या गजांमागे) मी, असे पाचजण त्या पुठ्ठ्याकडे टक लावून बसलो. पंधरा मिनिटे झाली, पुठ्ठा कोरा. वीस झाली, कोरा. पंचविसाव्या मिनिटाला त्यावर काहीतरी पडले आणि आईंनी किंकाळी फोडली. ते बकुळीचे फूल होते.

अर्धा तास संपला. आई उठल्या, आत गेल्या, आणि कपाट उघडल्याचा आवाज आला. अंजिरी साडी पुन्हा खुर्चीच्या पाठीवर आली.

शनिवारी सकाळी सहा बरण्या आपापल्या खणांत बसल्या. पुढे दिलीप, शेजारी अंजिरी साडीतल्या आई. त्यांच्याशेजारी एक जागा होती, पण आईंनी तिथे आपली पिशवी ठेवली. "तू रिक्षान ये," त्या म्हणाल्या. "आणि वाटेत गाडी थांबली तर जवळ येव नको."

म्हणून मी रिक्षात बसले आणि चालकाला म्हणाले, "त्या पिकअपच्या मागे मागे चला. अगदी मागे."

"पाठलाग करायचाय काय, मॅडम?" त्याचे डोळे चमकले. "मामला काय आहे?"

"पुढे माझ्या सासूबाई आहेत."

त्याने एक दीर्घ सुस्कारा सोडला आणि सहानुभूतीने वेग वाढवला. जोगेश्वरी-विक्रोळी जोडरस्त्याच्या चढावर पिकअप घरघरत होती आणि मी रिक्षातून मान बाहेर काढून डांबरावर थेंब शोधत होते. रस्ता कोरडा होता. तो तसाच, पूर्ण बोरिवलीपर्यंत, कोरडा राहिला. सकाळच्या उन्हात ते करडे, कोरडे डांबर मला किती देखणे दिसले, हे कोणाला सांगितले तर हसतील.

पावणेआठला आम्ही मैदानात होतो. स्टॉलच्या पाटीवर 'सुलोचना' असे लिहिले होते, चष्म्याशिवाय वाचता येईल इतके मोठे. आईंनी पाटीवरून एकदाच बोट फिरवले आणि पहिली बरणी उघडली. मोहरी, हिंग आणि मुरलेल्या कैरीचा असा काही झणझणीत गंध सुटला, की पलीकडच्या मोदकवाल्या बाई आपला स्टॉल सोडून आल्या. दुपारपर्यंत चार बरण्यांचा तळ दिसू लागला. आई वाढत होत्या, आणि दिलीप रांगेतल्या प्रत्येक माणसाला, मागितलेली नसताना, इंजिनाची हकिकत पहिल्यापासून शेवटपर्यंत सांगत होते. निम्मे मैदान माझ्याकडे बोट दाखवून हसत होते.

तीनच्या सुमारास निवेदिका ध्वनिक्षेपक घेऊन आमच्यापाशी आली. "आज्जी, या वयात हे सगळं कसं जमवलंत? घरच्यांची मदत झाली असेल ना?"

"झाली तर!" आई ध्वनिक्षेपकात म्हणाल्या. आवाज मैदानभर घुमला. "मुलग्यान गाडी दुरुस्त केली." टाळ्या पडल्या. दिलीपनी खाली पाहिले. त्यांचे कान लाल झाले होते.

"आणि सूनबाईंनी?"

आई माझ्याकडे वळल्या. मी पदर सावरला.

"सुनेचे उपकार तर मी जन्मात विसरूचंय नाय," त्या म्हणाल्या. "काल सकाळपासना ती गाडयेच्या जवळसुदा गेली नाय!"

मैदान हादरले. शिट्ट्या वाजल्या, मोदकवाल्या बाई ताट बडवू लागल्या. मी दोन्ही हात जोडून, चारी दिशांना वळून, नम्रपणे अभिवादन केले. माझ्या आयुष्यातला टाळ्यांचा सर्वांत मोठा कडकडाट, आणि तोही मी काहीएक न केल्याबद्दल!